गरजेचा रकाना

मे महिन्यात छत्तीसगढातल्या दुर्गात बसून कोणी कोणाला ‘नीड’ आणि ‘वॉन्ट’ यांतला फरक शिकवू नये. पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळत असतो, दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि नेमकं त्याच वेळी दुसरीतल्या नातीचं हॉलिडे होमवर्क माझ्या पुढ्यात येऊन पडतं. पानावर दोन रकाने. डावीकडे नीड्स, उजवीकडे वॉन्ट्स. शेजारच्या पानावर चित्रं: पाण्याचा पेला, घर, फुगे, पोळी, आइस्क्रीम, फ्रॉक, सायकल, कूलर. चित्रं कापायची आणि ज्याच्या त्याच्या रकान्यात डकवायची.

कार्टीने जराही विचार न करता कूलर गरजेत टाकला. मी काही बोलले नाही. त्या वेळी मीही कूलरच्या झोतातच बसले होते. फुगे आणि आइस्क्रीम मुकाट्याने उजवीकडे गेले. फ्रॉकपाशी मात्र ती अडली. बराच वेळ चित्राकडे बघत राहिली आणि मग कात्री घेऊन तिने फ्रॉकच्या खालची झालर अलगद कापून काढली. बिनझालरीचा फ्रॉक डाव्या रकान्यात, झालर उजव्या. शाळा उघडल्यावर वही परत आली तेव्हा कूलरभोवती लाल गोल होता आणि झालरीपुढे प्रश्नचिन्ह. कूलरचं एक वेळ जाऊ द्या. पण झालर कापणाऱ्या पोरीला पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आवश्यक वस्तू, सुखसोयीच्या वस्तू आणि चैनीच्या वस्तू असे कप्पे पाडून दिलेले असतात. हे कप्पे एकाच कापडाला एकमेकांशी शिवलेले असतात, हे त्या पोरीला कात्री हातात घेतल्यावर कळलं.

कूलरबद्दल थोडं सांगायलाच हवं. नागपूरपासून रायपूरपर्यंतच्या पट्ट्यात कूलर बसवणं हा एक सणच असतो. होळी झाली की माळ्यावरून किंवा गच्चीवरून तो पत्र्याचा सांगाडा अंगणात उतरतो. मग गंज खरवडायचा, टाकीला आतून डांबर फासायचं, ताट्यांमधलं काळं पडलेलं जुनं गवत उपसून नवं ठासायचं. पंप बादलीत बुडवून चालतो का ते बघायचं. तो चालत नाही. मग घरातल्या पुरुषाने पॉवर हाउस भागातल्या बाजारात जाऊन नवा पंप आणायचा आणि वाटेत जुनाच झटकून बघायला हवा होता असं म्हणायचं. पहिल्या दिवशी ओल्या वाळ्याचा वास घरभर होतो, दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी अंगावर पाणी उडतं, तिसऱ्या दिवशी कोणाची खाट झोताच्या समोर यावी यावरून भांडण. माझ्या लहानपणी आमच्या क्वार्टरमध्ये एक टेबलफॅन होता. शेजाऱ्यांकडे कूलर आला तेव्हा आईने ‘थेरं’ असा एकच शब्द वापरला होता. दोन उन्हाळ्यांनंतर आमच्याकडेही थेर आलं, आणि पुढे एकदा ऐन मेमध्ये त्याची मोटर जळाली तेव्हा त्याच आईने वडिलांना दुपारच्या उन्हात मिस्त्री शोधायला पिटाळलं.

यावरून आमच्या ह्यांनी एक नियम काढला आहे: मागच्या उन्हाळ्यात जी वस्तू नव्हती ती हौस, आणि मागच्या उन्हाळ्यात होती पण यंदा बिघडली ती गरज. नियम इतका पक्का आहे की मुलाने एसी घ्यायचं काढलं तेव्हा त्यांनी तोंडावर तो फेकला. मुलगा म्हणाला, “बाबा, मग तुम्ही फक्त एक उन्हाळा थांबा.”

मुळात या दोन इंग्रजी शब्दांचं आमच्या गावात काही चालत नाही. घरात मराठी, बाजारात हिंदी, भांडी घासायला येणाऱ्या बाईशी मोडकीतोडकी छत्तीसगढी. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात “क्या चाहिए, भाभी?” असं विचारतात, औषधाच्या दुकानातही तेच विचारतात, आणि आमची बाई “का चाही, दाई?” म्हणते. एका ‘चाहिए’त बाळाचं दूध आणि बाळाच्या आईच्या काचेच्या बांगड्या दोन्ही मावतात. दुकानदाराला फरक पडत नाही. पैसे दोन्हीचे सारखेच वाजतात.

मराठीला वाटतं आपण याहून शहाणे. आपल्याकडे हवं आहे, पाहिजे आहे, लागतं आहे. पण नीट बघितलं तर या तिन्हींत मागणारा माणूस कुठे दिसतच नाही. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप, म्हणजे ‘पाहिलं जातं’. (‘म्हणजे’ हा त्याचाच भाऊ, ‘म्हटलं जातं’.) मला साडी पाहिजे, यात साडी पाहिली जाते, मी आपली बाजूला उभी. आणि ‘मला चहा लागतो’ यात तर चहाच सगळा पुढाकार घेतो. ठेच लागावी, ऊन लागावं, तसा तो येऊन लागतो. इंग्रज बिचारा ‘आय वॉन्ट’ म्हणतो, म्हणजे आरोपी स्वतःच उभा राहून गुन्हा कबूल करतो. आपण ‘मला’ म्हणून चतुर्थीच्या आडोशाला बसतो.

गंमत अशी की ज्या ‘वॉन्ट’ला नातीच्या शाळेतल्या बाईंनी चैनीच्या रकान्यात बसवलंय, तो शब्द तिथला नव्हेच. पूर्वीच्या इंग्रजीत वॉन्ट म्हणजे उणीव, नसणं, पोटाला चिमटा बसणं. 1942 साली ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिजने सरकारला जो प्रसिद्ध अहवाल दिला, त्यात समाजाच्या वाटेवर पाच राक्षस उभे असल्याचं म्हटलं होतं: रोगराई, अज्ञान, गलिच्छपणा, रिकामपण, आणि पहिला वॉन्ट. तो राक्षस फुगे आणि आइस्क्रीम मागत नव्हता. शब्दाचीही माणसासारखीच गत. चार पैसे आले की तो पूर्वीचे दिवस विसरतो. वर्तमानपत्रातल्या ‘वॉन्टेड’मध्ये आणि पोलिसांच्या ‘वॉन्टेड’मध्ये जुना अर्थ अजून शिल्लक आहे. मराठी वर्तमानपत्रांत त्या जागी ‘पाहिजेत’ असतं: पाहिजे शिपाई, पाहिजे अनुभवी लेखनिक, पाहिजे सुस्वरूप गृहकृत्यदक्ष वधू. यातल्या शेवटच्या जाहिरातीचं चित्र नातीच्या वहीत नव्हतं हे बरं झालं. तिने कुठे कात्री चालवली असती देव जाणे.

आता दुर्गाला लागून असलेलं आमचं भिलाई हे गावच मुळी गरजेच्या रकान्यातलं. स्वतंत्र झालेल्या देशाला पोलाद कमी पडत होतं. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, हे आता इथल्या मराठी पोरांनाही सांगितलं तर खरं वाटत नाही. राउरकेल्याला जर्मन आले, दुर्गापूरला इंग्रज, आमच्याकडे रशियन. प्रत्येक कारखाना दहा लाख टनांचा. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पाठोपाठ भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्ध्याकडची माणसं रेल्वेत बसून नोकरीला आली. त्यांत माझे वडील.

कंपनीने माणसाच्या गरजांची यादी करून ती पुरीही केली. क्वार्टर, नळ, दिवे, शाळा, दवाखाना, बाजार. रस्ते असे सरळ की चुकायचं म्हटलं तरी चुकता येऊ नये. वस्त्यांना नावं द्यायची गरज कोणाला वाटली नाही, म्हणून सेक्टर एक, सेक्टर दोन असे आकडे दिले. मोठा दवाखाना नवव्या सेक्टरमध्ये. त्याला जवाहरलाल नेहरूंचं नाव आहे, पण ‘त्यांना सेक्टर नाइनला नेलंय’ एवढं ऐकलं की भिलाईतला माणूस पुढचं काही विचारत नाही, चपला घालतो. क्वार्टर कोणाला केवढं, हे हुद्द्यावर ठरायचं. घरात माणसं किती, हा प्रश्न वेगळा. आमच्या दोन खोल्यांत आजी, काका आणि नोकरी शोधायला आलेला गावाकडचा कोणी ना कोणी असे सगळे मावायचे, आणि मागच्या गल्लीतल्या मोठ्या क्वार्टरमध्ये एक ब्रह्मचारी इंजिनीअर एकटाच रेडिओ ऐकत बसायचा. गरज मोजायचं काम दुसऱ्याकडे दिलं की असं होतं.

पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गरजेची काळजी कंपनीने वाहिल्यामुळे माणसं हौसेला मोकळी झाली. क्वार्टरपुढच्या वीतभर जमिनीत मोगरा आला, मागे शेवगा आला, बाजूला पत्र्याची शेड आली. सगळी क्वार्टरं एका साच्यातली, तरी अंधारात नुसत्या कुंपणावरून घर ओळखता यायचं. बंगाल्यांनी दुर्गापूजा मांडली, मल्याळी मंडळींनी ओणम, आपल्या लोकांनी गणपती बसवले आणि गणपती म्हटलं की नाटक आलंच. तीन पाळ्यांत राबणारे लोक तालमीला कधी जमत असतील याचं मला आजही नवल वाटतं. रात्रपाळी करून आलेला नायक दुसऱ्या अंकात खरोखरच झोपायचा. खुद्द कंपनीलाही हौस आवरली नाही. भारत-सोव्हिएत दोस्तीची खूण म्हणून 1972 साली मैत्रीबाग उभी राहिली. त्यात पुढे पांढरे वाघ आले. रेल्वेचे रूळ ओढायला पांढऱ्या वाघाचा काय उपयोग, हे कोणी विचारलं नाही. रविवारी सगळं गाव वाघ बघायला जायचं, एवढं पुरे.

माझी आई मात्र या सगळ्यात ‘मला हवंय’ असं कधी म्हणाली नाही. तिच्याकडे एक तिसराच रकाना होता, जो कुठल्याही इंग्रजी वहीत नाही: ‘असलेलं बरं’. शिवणयंत्र घरात असलेलं बरं. सहा कपबश्या जास्तीच्या असलेल्या बऱ्या. पाहुण्यांसाठी एक सतरंजी असलेली बरी. या रकान्याची खुबी अशी की त्यात मागणारा नाही, हट्ट नाही, खर्चाचा उल्लेख नाही, आणि नाही म्हणायला जागाही नाही. आमचा अख्खा माळा या रकान्याने भरलेला असे. श्रीखंडाचे रिकामे डबे, सुतळीची भेंडोळी, एक पाय नसलेला स्टूल. शिवणयंत्र आलं ते मुलींचे कपडे घरी शिवून पैसे वाचवण्यासाठी. वाचलेल्या पैशांची लेस आली. वडील वही घेऊन हिशेब मांडत, आई मान खाली घालून यंत्र चालवत असे आणि आम्हा बहिणींच्या फ्रॉकला त्या वर्षी तिपदरी झालरी लागल्या.

वडिलांची हौस स्कूटरची. त्या काळी बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. नंबर लावताना ती सरळसरळ हौस होती, कारण सायकलीने कारखान्याच्या गेटापर्यंत जाता येत होतंच. वाट बघता बघता मात्र तिच्या अवतीभोवती गरजा उगवू लागल्या. आजीला दवाखान्यात न्यायला बरी, गॅसचं सिलिंडर आणायला बरी, मुलींना क्लासला सोडायला बरी. स्कूटर दारात आली तोवर ती इतकी गरजेची झाली होती की वडिलांना तिच्यावरून उगाच फेरफटका मारायची चोरी. संध्याकाळी ते “जरा हवा भरून आणतो” म्हणून निघत आणि तासाभराने परत येत. एवढी हवा कुठल्या चाकात जायची कोण जाणे.

मला वाटतं आपल्या मध्यमवर्गाचं हेच आहे. गरज असली की मान ताठ, हौस असली की मान खाली. म्हणून हौसेला गरजेचा सदरा घालून बाहेर काढायचं. एकीकडे ‘हौसेला मोल नसतं’ म्हणायचं आणि दुसरीकडे तेच मोल विचारल्यावर निम्मं करून सांगायचं.

आमच्या या छत्तीसगढात या विषयावरची एक जुनी गोष्ट आहे, आणि लिहिणारा घरात मराठी बोलणारा होता. माधवराव सप्रे. 1900 साली पेंड्र्यासारख्या आडगावातून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. पुढे दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे ते हेच. त्यांच्या मासिकात 1901 साली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची गोष्ट आली. हिंदीतली पहिली कथा कोणती या वादात तिचं नाव अजून घेतात. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका अनाथ म्हातारीची झोपडी. जमीनदाराला आवार वाढवायचंय, झोपडी आड येते. वकिलांना पैसे चारून तो झोपडीचा कब्जा घेतो. म्हातारीची नात मात्र तेव्हापासून जेवत नाही; आपल्या घरी चल, तिथेच भाकर खाईन म्हणते. म्हातारी एक दिवस जमीनदाराकडे येते आणि झोपडीतली टोपलीभर माती मागते. त्या मातीची चूल करीन, त्या चुलीवर भाकर करीन, मग पोर खाईल. माती भरून झाल्यावर ती जमीनदारालाच टोपलीला जरा हात लावायची विनंती करते. त्याच्याने टोपली हलत नाही. मग म्हातारी त्याला सुनावते, की एवढी एक टोपली झेपत नाही तर या सगळ्या जमिनीचा भार जन्मभर कसा उचलशील. जमीनदाराचे डोळे उघडतात आणि झोपडी परत मिळते.

शाळेत ही गोष्ट गरीब आणि श्रीमंत यांची म्हणून शिकवतात. मला ती दोन हट्टांची वाटते. जमीनदाराला अंगण हवंय, ही हौस. पण नातीला तिच्याच घरच्या मातीच्या चुलीवरची भाकर हवीय, ही तरी गरज कुठे? भाकर कुठल्याही चुलीवर भाजली जाते. होमवर्क तपासणाऱ्या बाईंनी भाकर डाव्या रकान्यात टाकली असती आणि टोपलीभर माती उजव्या, वर लाल गोल काढून. सप्र्यांनी मात्र सगळी गोष्ट त्या मातीवर उभी केली. म्हातारीने धान्य मागितलं असतं तर जमीनदाराने पायलीभर देऊन तिला वाटेला लावलं असतं आणि रात्री त्याला गाढ झोप लागली असती. गरज भागवणं त्याला सोपं होतं. पोरीच्या हट्टापुढे तो वाकला.

बाईमाणसाच्या हौसेला आपल्याकडे उघड मान्यता आयुष्यात एकदाच मिळते, डोहाळ्यांत. तेवढे महिने तिने ‘मला हवंय’ म्हणायचं आणि घरादाराने पळायचं. तिला चिंच हवी, तिला मातीचा वास हवा, तिला माहेरचं लोणचं हवं. कोणी विचारत नाही की हे नीड की वॉन्ट. इथल्या छत्तीसगढी घरांत सातव्या महिन्यात सधौरी करतात. साध म्हणजे इच्छा, तिच्यावरून सधौरी. माझ्या सुनेच्या वेळी आमच्याकडे डोहाळजेवण झालं आणि चार दिवसांनी शेजारच्या काकींनी आपल्या पद्धतीची सधौरी घेऊन घर गाठलं. डब्यांमागून डबे उघडत गेले. सुनेला त्यातला एकही पदार्थ हवासा वाटत नव्हता. तिला त्या दिवसांत फक्त स्टेशनसमोरच्या गाडीवरचा तिखट गुपचूप हवा होता. (पाणीपुरीला इथे गुपचूप म्हणतात, आणि आमच्या घरात ती खाल्लीही तशीच जाते.) काकींनी ते ऐकलं आणि स्वतःच्या मुलाला तसंच पाठवलं. दोन्ही घरांच्या शास्त्रात गुपचूप बसत नव्हता, तो त्या दिवशी बसवला.

हे सगळं आठवायचं कारण आमचे हे. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षं त्यांनी बँकेची पासबुकं लावली, कुंड्या रंगवल्या, माझ्या स्वयंपाकघरात सुधारणा सुचवल्या. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, “वय झाल्यावर बोटांना व्यायामाची गरज असते.” मी म्हटलं, असते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “मेंदूलाही नवीन काही शिकायची गरज असते.” मी म्हटलं, तीही असते. तिसऱ्या दिवशी रायपूरला एका दुकानात पेट्या चांगल्या मिळतात असं कळलं. मी म्हटलं, पेटी घ्यायला माझी ना नाही, फक्त बोटं आणि मेंदू मध्ये न आणता एकदा सरळ सांगा.

तो गृहस्थ कारखान्यात रूळ तयार करणाऱ्या मिलमध्ये जन्मभर लालभडक लोखंडासमोर उभा राहिला, पण हे एक वाक्य त्याच्या तोंडून निघेना. वरण-भात संपला, ताक झालं, हात धुऊन झाले. शेवटी टॉवेलला हात पुसता पुसता भिंतीकडे बघत म्हणाले, “लहानपणापासून हवी होती.” ही मला नवीच बातमी होती. एवढी वर्षं एका घरात राहून, यांच्या सगळ्या गरजा पाठ असून, मला ती ठाऊक नव्हती.

पेटी आली. रोज दिवेलागणीला भूपाचे आरोह-अवरोह सुरू होतात, पंचमापर्यंत बरे जातात आणि धैवताला अडखळतात. ‘मला रोज पेटी लागते’ इथवर प्रकरण अजून गेलेलं नाही. शेजारच्या काकी मात्र हल्ली संध्याकाळची खिडकी लावलेली बरी, असं म्हणू लागल्या आहेत.